मावशीसाठी वृद्धाश्रम शोधतेय: तिथली माणसं कशी आहेत हे एका भेटीत ओळखायचं कसं?

अबोली | ११ जानेवारी, रात्री ९:४२

लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

माझी मावशी ८२ वर्षांची. लग्न केलं नाही. साताऱ्यात शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथेच एकटी राहिली. दिवाळीनंतर न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चार पावलं टाकते, पण रात्री उठवायला माणूस लागतं. दोन महिने पुण्यात माझ्याकडे आहे. मी ५९ ची, गुडघे गेलेले, नवऱ्याची बायपास झालेली, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ब्युरोच्या तीन बाया आल्या आणि गेल्या. शेवटी मावशीच म्हणाली, "मी तुझ्याकडे हातचा आहे गं. कुठे मिळवायचा तेच तुला सुचत नाहीये. मला एखादी बरी जागा बघ."

गेल्या आठवड्यात तिला गाडीत घालून तीन जागा बघितल्या. पहिली चकाचक. ग्रॅनाइट, मासे, भिंतीवर सुविचार. मॅनेजरने टॅबवर वाढदिवसांचे फोटो दाखवले. पण आम्ही तासभर होतो तेवढ्यात कुणी कर्मचारी कुठल्या आजींशी बोलताना दिसला नाही. दुसरी जागा जुनी, पोपडे आलेल्या भिंती. तिथे स्वयंपाकघरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला नाही, थेट मावशीला विचारलं, "चहा टाकते, साखर किती घालू?" मावशी खूश. तिसऱ्या जागेबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता प्रश्न. चहा कुणीही विचारेल, पाहुणे आल्यावर सगळेच गोड बोलतात. आपण पाठ फिरवल्यावर ही माणसं कशी वागतात हे एका-दोन भेटींत कसं कळतं? ज्यांची माणसं अशा ठिकाणी राहिलीत त्यांनी अनुभव लिहा. आश्रमांची नावं सुचवायची असतील तर इथे नको, माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा.

"आम्ही तर आईवडिलांना कधीच" वाल्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

वाटसरू | ११ जानेवारी, रात्री १०:०५

नाकाने. जिना चढल्यावर फिनेलचा भपकारा आला तर काहीतरी झाकलंय. लघवीचा आला तर झाकायलाही कोणी नाही. फोडणीचा आला तर ठेवा मावशींना.

खवचट_बोका | ११ जानेवारी, रात्री १०:११

फोडणीचा वास आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही येतो. तिथे ठेवा. निदान लिफ्ट तरी आहे.

केतकी_नाशिक | ११ जानेवारी, रात्री ११:३०

माझी आई ४ वर्षं अशा ठिकाणी होती. गेल्या वर्षी गेली. पहिली जागा आम्हाला ८ महिन्यांत बदलावी लागली, त्यातून शिकलेलं सांगते.

आईचे केस कमरेपर्यंत. रोज खोबरेल, रोज वेणी, रोज अंबाडा. तिसऱ्या रविवारी भेटायला गेले तर बॉबकट! विचारलं, तर म्हणे उवा झाल्या होत्या. उवा नव्हत्या. विंचरायला वेळ नव्हता. आई काही बोलली नाही, पण डोक्यावरून पदर काढेना. आयुष्यात कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता तिने.

तर अबोलीताई, आत गेल्यावर डोकी बघा. सगळ्या बायकांचे केस एकाच कात्रीने कापल्यासारखे असतील तर समजा. मग कपडे बघा. झाडून सगळ्या गाऊनमध्ये असतील तर तेही समजा.

दुसऱ्या जागी आईच्या शेजारच्या कॉटवर एक नऊवारीतल्या आजी होत्या. त्यांना नेसवायची ती पोरगी नांदेडकडची, वय २२-२३. तिला नऊवारी येत नव्हती. आजी कॉटवर बसून सूचना देणार, ही काष्टा घालणार, तो सुटणार, दोघी हसणार, पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी चाळीस मिनिटं जायची. गाऊन दोन मिनिटांत होतो. मी तिला म्हटलंसुद्धा, कशाला एवढा खटाटोप? तर म्हणाली, "साडीत असल्या की आपणहून व्हरांड्यात येऊन बसतात. गाऊन घातला की भिंतीकडे तोंड करून झोपतात. मग जेवत नाहीत. मग मलाच भरवायला लागतं." म्हणजे तिचा हिशेब चोख होता.

रोखठोक | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

भावना पोचल्या. आता दुसरी बाजू.

एक बाई, बारा तासांची पाळी, चौदा-पंधरा म्हातारी माणसं. एकीला नेसवायला चाळीस मिनिटं दिली तर बाकीच्यांचे डायपर कोण बदलणार? माझे वडील होते तिथली मावशी चांगलीच होती हो, पण एकटी होती. माया करायलाही हात मोकळे लागतात.

म्हणून सुविचार वाचू नका, हे विचारा. रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात? (मुक्कामाला असतात असं नाही, जागी.) इथली सगळ्यात जुनी मावशी किती वर्षांपासून आहे? पगार कितव्या तारखेला होतो? जिथे पगार वीस तारखेपर्यंत रखडतो तिथे आपुलकी शोधू नका, आणि ती नाही दिसली म्हणून त्या बायांना दोषही देऊ नका.

अबोली | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

केतकी, केसांचं वाचून पोटात कालवलं. मावशीचा अंबाडा सुपारीएवढा उरलाय, पण आहे.

रोखठोक, प्रश्न उतरवून घेतले. पण पगाराची तारीख मॅनेजरला कशी विचारू?

रोखठोक | १२ जानेवारी, सकाळी ८:४४

मॅनेजरला नाही. त्या चहावाल्या बाईला. चहा पिता पिता.

संस्कारी_सह्याद्री | १२ जानेवारी, सकाळी १०:०२

वृद्धाश्रम हे पाश्चात्त्यांचं खूळ. आपल्याकडे हे नव्हतं. कर्मचारी कितीही प्रेमळ असले तरी

वाटसरू | १२ जानेवारी, सकाळी १०:०९

वाक्य अर्धवट राहिलं तुमचं. राहू द्या. पुण्यात नवी पेठेतला 'निवारा' १८६३ पासून आहे, डेव्हिड ससून यांच्या नावाने सुरू झालेला. खूळ असेल तर दीडशे वर्षांहून जुनं आहे.

नाईट_ड्यूटी | १३ जानेवारी, पहाटे ३:२०

खूप दिवसांनी लॉगिन केलं, ह्या धाग्यासाठी. मी एएनएम (सहायक नर्स) आहे, कोल्हापूरजवळ एका वृद्धाश्रमात ११ वर्षं, त्यातली ७ रात्रपाळीत. आत्ताही ड्यूटीवरच आहे, सगळे झोपलेत, एक जण सोडून. ते रेडिओ लावायची वाट बघत बसलेत.

केतकीताईंचं खरं आहे आणि रोखठोक यांचंही खरं आहे. दोन गोष्टी आमच्या बाजूने सांगते.

रविवारी आणून सोडू नका. नातेवाइकांना सुट्टी असते म्हणून सगळे रविवारीच आणतात. त्या दिवशी आमच्याकडे माणसं कमी, डॉक्टर नाहीत, त्यात भेटायला येणाऱ्यांची वर्दळ. नवीन माणूस कोपऱ्यात बॅग धरून बसतं आणि पहिला दिवस कायमचा डोक्यात राहतो. मंगळवारी किंवा बुधवारी आणा, सकाळी अकराच्या आत. तेव्हा आम्हाला त्यांच्याजवळ बसता येतं. दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर होतं, संध्याकाळपर्यंत दोन चेहरे तरी ओळखीचे होतात.

नवीन चादरी, नवीन टॉवेल, नवीन डबा आणू नका. जुनी गोधडी आणा, चहाचा तोच कप आणा, कान तुटलेला असला तरी. कोरं सामान बघितलं की त्यांना वाटतं हॉस्पिटलात आणलंय.

पहिली रात्र अवघड. मी नवीन माणसाला एक प्रश्न हमखास विचारते: घरी पलंगावरून उठल्यावर बाथरूम कुठल्या हाताला होतं? चाळीस वर्षं डावीकडे वळायची सवय असली की झोपेतून उठल्यावर पाय डावीकडेच जातो. इथे डावीकडे भिंत असते. माणूस धडपडतं, नाहीतर घाबरून तिथेच करतं, मग शरमेने दोन दिवस पाणी पीत नाही. शक्य असेल तेव्हा मी पलंग फिरवून घेते. मामा कुरकुरतात, पण फिरवतात.

आम्ही सरसकट आजी-आजोबा म्हणत नाही. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "मला मूल नाही, मी तुझी आजी कुठून झाले?" तेव्हापासून विचारतो. कुणी अक्का, कुणी काकू. एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, त्यांना भाऊसाहेब म्हटलं की गोळी घेतात, आजोबा म्हटलं की थुंकतात. तुमच्या मावशींना 'बाई' म्हणायला सांगा, शाळेत म्हणत असतील तसं.

कातरवेळी काही जण बॅग भरतात. "घरी जायचंय, गाडी चुकेल." डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. नवीन पोरी सांगायला जातात, "अहो हेच तुमचं घर." असं म्हटलं की भडका. मी विचारते, गाडी किती वाजताची? स्टँडवर कोण येणार न्यायला? बोलता बोलता परडी पुढे करते, एवढा लसूण तेवढा सोलून द्या, मग निघा. सोलून होईपर्यंत दिवेलागण होते, कुणीतरी शुभंकरोती सुरू करतं, आणि बॅग कॉटखाली जाते. खोटं बोलत नाही मी. गाडी येईल असं कधीच सांगत नाही.

आता तुम्ही काय बघायचं. जे उठू शकत नाहीत त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ फाटते. त्याचा तक्ता कॉटला लावलेला असतो. तो बघा. आठ दिवसांच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका ओळीत असतील तर त्या एकाच वेळी बसून केल्यात.

आणि एक तक्रार. नातेवाईक आल्या आल्या चादर उचलून डायपर बघतात. बघा, तुमचा हक्क आहे. पण आधी तोंड बघा हो त्यांचं.

खवचट_बोका | १३ जानेवारी, सकाळी ९:००

एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका ओळीत. तुम्ही आमच्या ऑफिसचं हजेरीपुस्तक कुठे बघितलंत?

(बाकी प्रतिसादाला दंडवत.)

केतकी_नाशिक | १३ जानेवारी, सकाळी ९:२५

पलंग फिरवण्याचं वाचून गप्प बसले. आई पहिल्याच आठवड्यात दोनदा पडली होती. आमच्या घरी बाथरूम उजवीकडे होतं.

यारा_काठची | १३ जानेवारी, दुपारी १:५०

मेलबर्नहून. शिकायला आले आणि पोटापाण्यासाठी इथल्या एज्ड केअर होममध्ये लागले, आता ५ वर्षं झाली. त्यासाठी 'सर्टिफिकेट थ्री' नावाचा कोर्स असतो, त्यात १२० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्या १२० तासांत पहिली शिकवण ही की दार उघडं असलं तरी ठोठवायचं, स्वतःचं नाव सांगायचं, मग आत जायचं. रोज. ती बाई मला दहा मिनिटांपूर्वी भेटली असली तरी. मला आधी हे नाटकी वाटायचं. आपल्याकडे कोण ठोठावतं? मग लक्षात आलं, तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं ते एक दारच उरलंय.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसलं होतं, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला, हेळसांडीच्या फार वाईट कहाण्या बाहेर आल्या. त्यानंतर नियम झाले. चोवीस तास नोंदणीकृत नर्स हवी. ऑक्टोबर २०२४ पासून दर माणसामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटांची काळजी, त्यातली ४४ नर्सची. रोखठोक यांना आवडेल हे. पण खरं सांगू? आंघोळ, गोळ्या, उचलणं, भरवणं, नोंदी ह्यात मिनिटं संपतात. गप्पांना वेगळा वेळ नाहीच, त्या आंघोळ घालता घालताच मारायच्या. पाणी अंगावर घालण्याआधी त्यांच्या हातावर घालायचं, आता पाठ, आता डावा पाय, असं सांगत जायचं. मुकाट्याने आंघोळ घातली तर ती धुलाई होते.

एक किस्सा. आमच्याकडे एक मराठी आजोबा आले. पन्नास वर्षं ऑस्ट्रेलियात, उत्तम इंग्रजी, पण डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) ते पार पुसलं गेलं. इथल्या इटालियन, ग्रीक म्हाताऱ्यांचंही असंच होतं, मागून शिकलेली भाषा आधी जाते. आजोबा जेवायला नकार देत होते, नर्सना वाटलं गिळायला त्रास होतोय. मला दुसऱ्या मजल्यावरून बोलावलं. मी फक्त म्हटलं, "बसा ना, पान वाढलंय." बसले! आणि मला म्हणाले, "मीठ वाढायचं राहिलंय." मग मी नर्सना देवनागरी आणि इंग्रजीत चार-पाच शब्द लिहून दिले: पाणी, दुखतंय का, संडास, बसा, झालं. दारामागे चिकटवले. एक फिलिपिनो मुलगी इतकं सुंदर "दुखटंय का" म्हणायची की आजोबा नसलेलं दुखणंही सांगायचे.

सुनीलराव | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

चांगली चर्चा. पण सुरक्षितता आधी. कॉटला दोन्ही बाजूंनी रेलिंग आहे का ते बघा आणि रात्री ते लावतात का ते विचारा. खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणता.

यारा_काठची | १४ जानेवारी, पहाटे ४:३०

सुनीलराव, नेमकं ह्यावर आमच्याकडे उलट आहे. रेलिंग लावणं म्हणजे माणसाला अडकवून ठेवणं धरलं जातं. संमती लागते, आधी बाकीचे उपाय करून बघावे लागतात. कारण उठायचं ठरवलेलं माणूस रेलिंगवरून चढतं आणि जास्त उंचीवरून पडतं.

सुनीलराव | १४ जानेवारी, सकाळी ७:५०

तुमच्याकडे २१५ मिनिटं आहेत. आमच्याकडे एक मावशी आणि रात्र. रेलिंग नको म्हणणं सोपं आहे.

नाईट_ड्यूटी | १४ जानेवारी, रात्री ११:४०

दोघेही भांडू नका. रेलिंगवरून चढून पडलेले मी दोन बघितलेत. आम्ही कॉटचे पाय कापून ती बुटकी केली आणि खाली जुनी गादी टाकतो. बाईंना रात्री हाक मारायला स्टीलची वाटी-चमचा द्या. बेलचं बटण अंधारात सापडत नाही. वाटी सापडते.

तिळगूळ घ्या सगळे.

नाना_७९ | १५ जानेवारी, सकाळी ७:३५

मी स्वतः अशा ठिकाणी राहतो. दोन वर्षं झाली. नातवाने टॅब्लेट दिला आहे, एका बोटाने टंकतो, तरी उत्तर लांब होईल.

आपण सगळे कर्मचारी किती प्रेमळ हे मोजत आहात. मला प्रेमळ माणसांची थोडी भीती वाटते. एक मुलगी होती, फार प्रेमळ. मी शर्टाला हात घातला की धावत येई, "थांबा नाना, मी लावते बटणं." तीन महिन्यांत माझी बोटं बटणं विसरली. आता जी आहे ती येते, खिडकीत टेकून उभी राहते आणि स्वतःच्या सासूची निंदा करते. मला पाच बटणांना सात मिनिटं लागतात. ती सात मिनिटं थांबते. वरचं बटण लागत नाही ते मी तिला मागतो. मागितल्याशिवाय ती हात लावत नाही.

रोखठोक म्हणतील सात मिनिटं कुठून आणायची. ती तेवढ्यात माझी कॉट आवरते.

दुसरी गोष्ट रेडिओची. पुणे केंद्राच्या ७:०५ च्या बातम्या मी कैक वर्षं ऐकतो. इथे सकाळी ७ ला गोळ्या असतात. पहिल्या आठवड्यात रोज तंटा. मग इथल्या ब्रदरने (पुरुष नर्सने) माझी खोली फेरीत शेवटची केली, आता माझ्या गोळ्या ७:२० ला येतात. काहीही खर्च आला नाही. एका माणसाने कागदावरचा क्रम बदलला. मावशींना भेटीच्या दिवशी मोठ्याने सांगायला लावा, "मला अमुक वेळेला अमुक लागतं." समोरचा "इथे असं नसतं" म्हणाला तर घरी या. "बघतो" म्हणाला तर विचार करा.

आणि चहा सगळीकडे पांचट असतो. त्याची आशा ठेवू नका.

खवचट_बोका | १५ जानेवारी, सकाळी ८:०२

नाना, साष्टांग. सासूची निंदा ऐकण्याचे वेगळे पैसे पडतात का?

नाना_७९ | १५ जानेवारी, सकाळी ८:३१

नाही. मासिक शुल्कात धरलेले आहे.

पृथ्वीप्रदक्षिणा | १५ जानेवारी, दुपारी १२:१०

नेदरलँड्समध्ये वेस्प गावी होगेवेक म्हणून जागा आहे, २००९ पासून, फक्त डिमेन्शिया असलेल्यांसाठी. आत रस्ता, सुपरमार्केट, कॅफे, आणि कर्मचारी साध्या कपड्यांत. गणवेश दिसला की हॉस्पिटल आठवतं, म्हणून. आपल्याकडे निदान तो गुलाबी एप्रन तरी काढायला काय हरकत आहे?

नाना_७९ | १५ जानेवारी, दुपारी ४:१५

हरकत आहे. एप्रन नसेल तर मी हाक कोणाला मारायची? परवा एका पाहुणीला मी बेडपॅन मागितलं.

कायदेपंडित | १६ जानेवारी, सकाळी ११:००

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ कोणी वाचला आहे का? कलम १९ नुसार राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम उभारावा असं आहे. कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळू शकते. कलम २४ मध्ये

अबोली | १६ जानेवारी, सकाळी ११:२०

कायदेपंडित, मावशीची मालमत्ता म्हणजे साताऱ्याचे दोन खण आणि लॉगरिदमचं पुस्तक. वेगळा धागा काढा ना, मी नक्की वाचेन.

केतकी_नाशिक | १६ जानेवारी, दुपारी ३:००

एक प्रामाणिक प्रश्न. बक्षिसी द्यावी का? आईचं करणाऱ्या तिथल्या मावशीला मी दर महिन्याला पाचशे देत असे, गुपचूप. आई गेल्यावर कळलं की शेजारच्या आजींचं कुणी येत नसे. त्यांची हाक आमच्या आईच्या हाकेनंतर ऐकली जायची. ते कुठेतरी बोचतं अजून.

रोखठोक | १६ जानेवारी, दुपारी ३:२०

देऊ नये. तुमचे पाचशे म्हणजे शेजारणीचं नुकसान, हे तुम्हीच लिहिलंत.

नाईट_ड्यूटी | १७ जानेवारी, पहाटे २:५५

रोखठोक, पगार वाढवा म्हणायचं आणि दिलेलं घेऊ नका म्हणायचं, मग आमच्या पोरांची फी कोण भरणार? केतकीताई, मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे एक डबा आहे, ज्याला जे द्यायचं ते त्यात टाका. दिवाळीला मोजून सगळ्यांत वाटतो, झाडूवाल्या मामांपासून धोब्यापर्यंत.

पैशापेक्षा एक करा. नाव विचारा. ११ वर्षांत मला नावाने हाक मारणारे नातेवाईक बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे, "ओ सिस्टर, जरा इकडे."

वाटसरू | १७ जानेवारी, सकाळी ९:१०

ह्या प्रतिसादानंतर मी खाली जाऊन आमच्या वॉचमनचं नाव विचारून आलो. सहा वर्षं झाली त्यांना. नाव सांगितलं आणि विचारलं, "काय झालं साहेब, तक्रार आहे का?"

खवचट_बोका | ७ फेब्रुवारी, रात्री ९:००

धागाकर्ती गायब. मावशींनी पळवून लावलं की काय?

अबोली | ८ मार्च, रात्री १०:१५

सगळ्यांची माफी. वेळच मिळाला नाही.

दुसरी जागा घेतली, पोपडे आलेल्या भिंतींची. त्याआधी तिथे १४ तारखेला न कळवता संध्याकाळी साडेसहाला तिळगूळ घेऊन गेले. (कातरवेळ, नाईट_ड्यूटी यांच्यामुळे.) चहा करणाऱ्या बाईंना पगाराचं विचारलं. म्हणाल्या सात तारखेला होतो, एकदा बाराला झाला होता तर सगळ्या ऑफिसात जाऊन बसल्या. सगळ्यात जुन्या त्याच, ९ वर्षं. कूस बदलायचा तक्ता बघितला. तीन रंगांची पेनं आणि एका ठिकाणी चहाचा डाग. केस बघितले, दोघींचे आखूड होते, पण त्यातल्या एकीने "मीच कापायला लावले, मेली उष्णता" असं न विचारता सांगितलं.

२१ ला, बुधवारी, साडेदहाला सोडलं. बरोबर गोधडी आणि कान तुटलेला कप. बाथरूम कुठल्या हाताला ते मीच सांगितलं. त्यांच्या मामांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, पण पलंग फिरवला.

पहिले दहा दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू. रोज रात्री फोन, "ने मला." मीही रडायचे. आणि एक घोळ झाला. मावशीचा चष्मा बदलला गेला, दोन दिवस ती दुसऱ्याच कुणाच्या नंबरचा लावून बसली होती आणि मला म्हणत होती, दृष्टी गेली. मी तणतणत गेले. तिथल्या ताईंनी सबब सांगितली नाही. म्हणाल्या, "आमचीच चूक, धुवायला एकत्र घेतले होते." आता प्रत्येक चष्म्याच्या दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळलाय. मावशीचा निळा.

तिला सगळे 'बाई' म्हणतात. स्वयंपाकघरातल्या बाईंनी एक दिवस दूधवाल्याची वही तिच्यापुढे टाकली, "बाई, हा मेळ बघा हो, बसत नाहीये." मावशीने ९ लिटरची चूक काढली. आता दर महिनाअखेरीला वही येते. ती फोनवर मला दुधाचा भाव सांगते, "ने मला" म्हणायचं मधूनच विसरते. मधूनच म्हणतेही.

नाना, चहाबद्दल तुमचं खरं. पांचट आहे. पण साखर तिला हवी तेवढीच असते, अर्धा चमचा.

नाना_७९ | ९ मार्च, सकाळी ७:२५

निळा दोरा उत्तम कल्पना. आमच्या ब्रदरला दाखवतो. बाईंकडे रेडिओ आहे का?

वाटसरू | ९ मार्च, सकाळी ९:४०

आणि वास?

अबोली | ९ मार्च, सकाळी १०:०५

नाना, आहे, सेल संपलेत, रविवारी नेते.

वाटसरू, गेल्या बुधवारी गेले तेव्हा शेपूचा. मावशी नाकाला पदर लावून बसली होती. तिला शेपू चालत नाही म्हणून वेगळा वाटीभर मुगाचा भात टाकला होता, आणि शेजारच्या दोघींनी "आम्हालाही तोच" म्हणून गोंधळ घातला होता.